मला फाइल म्हणाल तर याद राखा

मी एक जुनी कानस आहे. मित्रांनो, आधी हा शब्द मोठ्यानं म्हणा. कानस. पुन्हा एकदा म्हणा. हं, आता आपण बोलू शकतो. मला कुणी फाइल म्हटलं की माझे सगळे दात शिवशिवतात, आणि माझ्या अंगावर दातांशिवाय दुसरं काहीच नाही.

इंग्रजीत मला फाइल म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. पण त्या भाषेत कागद लावायचा पुठ्ठाही फाइल, कॉम्प्युटरच्या पोटातला मजकूरही फाइल, कोर्टात दावा लावायचा तर तोही फाइल करायचा, बायका नखं घासतात ती पट्टीही फाइल, आणि शाळेतली मुलं एकामागे एक उभी राहिली की तीही फाइल! एवढ्या सगळ्यांत मिळून एकच शब्द? नावांचा दुष्काळ पडला होता की काय? बरं, त्यांचं ते जाणोत. आपल्याकडे मला माझं स्वतःचं, चांगलं धडधाकट नाव होतं. ते टाकून दिलंत, आणि त्यापायी एका नऊ वर्षांच्या मुलीचा पाय सोलला. तो राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या कांबीचा एक तुकडा घेतला, भट्टीत लाल केला, ठोकून ठोकून आकाराला आणला. मग छिन्नीनं अंगभर तिरप्या रेषा पाडल्या, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. त्या रेषांच्या मधे उभे राहिले ते माझे दात. शेवटी पुन्हा तापवून पाण्यात बुचकळलं, तेव्हा जी कडक झाले ती आजतागायत. माझी एक बाजू सपाट आहे आणि दुसरी फुगीर, अर्धगोल. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तिथून मी एका इस्पितळाच्या मागच्या वर्कशॉपमध्ये आले. तिथे पायात बळ नसलेल्या मुलांसाठी कॅलिपर बनवतात. कॅलिपर म्हणजे पायाच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, त्यांना जोडणारे चामड्याचे पट्टे आणि खाली बूट. पट्टी कापली की तिच्या काठाला धार राहते. ती धार मोडायची, काठ गुळगुळीत करायचा, हे माझं काम. जे घालायचं ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुलाच्या कातडीला चिकटून असणार, म्हणून या कामात पाऊण चालत नाही. पुरं लागतं.

वर्कशॉपचे मिस्त्री फार कडक. शिकायला आलेल्यांना म्हणायचे, "पुढे जाताना दाब, मागे येताना उचल. मागे ओढलीस तर तिचे दात जातील, आणि मग मी तुझे पाडीन." मऊ धातू दातांत अडकू नये म्हणून मला आधी खडू चोळायचे. काम झालं की तारेच्या ब्रशनं कीस काढायचे. आम्ही चौदा जणी होतो, आणि एकमेकींवर आपटून दात बोथट होऊ नयेत म्हणून लाकडी फळीत प्रत्येकीला वेगळी खाच होती. मिस्त्रींची बायको एकदा डबा द्यायला आली आणि हे बघून म्हणाली, "माझ्याकडे इतकं बघितलं असतंत तर!" मिस्त्रींचे कान लाल झाले.

काठ झाला की मिस्त्री तो आपल्या गालावरून फिरवायचे. "अंगठा राठ झालाय, त्याला काय कळतंय?" म्हणायचे. गालाला टोचलं नाही तरच कॅलिपर दाराबाहेर जायचं.

ती मुलगी आमच्याकडे चार वर्षांची असल्यापासून यायची. पाय वाढला की नवं कॅलिपर. मिस्त्री तिला बाईसाहेब म्हणायचे. बाईसाहेब माझ्यावरून बोट फिरवून विचारायच्या, "काका, हिला गुदगुल्या होतात का?" मला होत नाहीत. पण तिनं विचारलेलं मला आवडायचं.

या खेपेला ती मावशीबरोबर आली ती तावातावानंच. "काका, शनिवारच्या आधी पाहिजे म्हणजे पाहिजे!" शनिवारी शाळेचं संचलन होतं. सगळी मुलं एकामागे एक मैदानाला फेरी मारणार. खेळाचे सर त्याला सिंगल फाइल म्हणतात. चार वर्षं सरांनी हिला कडेला खुर्चीवर बसवून पाण्याच्या बाटल्या सांभाळायला दिल्या होत्या. यंदा तिनं सरांना तोंडावर सांगितलं, मी चालणार. सर म्हणाले, नवं कॅलिपर आलं तर बघू. जुनं दोन बोटं आखूड झालं होतं, त्यात ती लंगडत होती.

"शुक्रवारी दुपारी घेऊन जा," मिस्त्री म्हणाले. बुधवारी सकाळपर्यंत पट्ट्या कापून, वाकवून, खिळे ठोकून तयार होत्या. फक्त काठ राहिले होते. म्हणजे फक्त मी राहिले होते.

आणि त्याच बुधवारी, मिस्त्री वॉर्डात कुणाचं तरी माप घ्यायला गेले असताना, स्टोअरकीपर पोतं घेऊन आला. त्याला सगळे लिस्टभाऊ म्हणतात, कारण लिस्टमध्ये नाही ते त्याच्या लेखी जगातच नाही. ऑफिसात नव्या मॅडम आल्या होत्या. कागदांचे ढीग बघून त्यांनी हुकूम काढला होता: प्रत्येक विभागातल्या पाच वर्षांवरच्या जुन्या फाइली भंगारात काढा. हुकुमात वाईट काही नव्हतं. पण लिस्टभाऊनं काय केलं? कॉम्प्युटरवर फाइल हा शब्द टाकला आणि वर्कशॉपच्या नावावर काय निघतं ते बघितलं. निघालं काय? फ्लॅट फाइल, राउंड फाइल, हाफ राउंड फाइल, एकूण नग चौदा. आणि रोग्यांच्या मापांचे जुने कागद कपाटात कोंबलेले होते, त्यांची नोंद रेकॉर्ड म्हणून होती. ते कपाट त्यानं उघडलंसुद्धा नाही.

त्यानं एकेकीला खाचेतून उपसलं आणि पोत्यात फेकलं. खण्ण, खण्ण, खण्ण! इतकी वर्षं ज्यांचे दात एकमेकींना लागू दिले नाहीत त्या चौदा जणी एका ढिगात! अरे, हातात धरलंस ना मला? वजन लागलं ना? कागद असा असतो? एकदा तरी खाली बघायचं! पण त्याची नजर लिस्टवर. प्रत्येक खण्णला एक खूण करत होता.

पोत्याला सील लावून त्यानं ते आपल्या खुर्चीमागे ठेवलं. स्टोअर आणि वर्कशॉप यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत आहे. त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं. ऐकावं लागलं. जे दिसलं नाही ते मागाहून कळलं.

मिस्त्री परत आले आणि मोकळी फळी बघून ओरडत स्टोअरमध्ये शिरले. "माझ्या कानशी कुठायत?"

"कानशी नव्हत्याच," लिस्टभाऊ म्हणाला. "फाइली होत्या. हे बघा, चौदा नग."

"अहो, फाइल म्हणजेच कानस!"

"तेच तर म्हणतोय मी. फाइली काढायच्या होत्या, काढल्या."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारून घेतला. पोतं त्यांच्यापासून दोन पावलांवर होतं. पण लिस्टभाऊ आडवा झाला. "मिस्त्री, हात जोडतो. सील तोडलंत तर माझी चौकशी लागेल. नोकरीची दोनच वर्षं राहिलीत हो माझी. मॅडमकडून लिहून आणा, या क्षणी देतो."

मिस्त्री मॅडमकडे गेले. खरं सांगू? माझा राग मिस्त्रींवरही आहे. हातात हातोडा होता, समोर सुतळीचं सील होतं. पण ते सरळ माणूस, लिहून आणायला गेले.

तिथून आले ते हसत होते, पण ते हसणं ऐकून मलाच भीती वाटली. मॅडम म्हणाल्या होत्या, भंगारात गेलेली वस्तू परत घ्यायची तर त्यासाठी नवी फाइल उघडावी लागेल. "कानस परत मिळवायला फाइल उघडायची," मिस्त्री भिंतीपलीकडून म्हणाले, "आणि ती चार टेबलं फिरेपर्यंत पोरीनं काय करायचं? बाटल्या सांभाळायच्या?"

मॅडम अगदीच दगड नव्हत्या. काम अडलंय म्हटल्यावर त्यांनी चिठ्ठीवर सही केली: वर्कशॉपसाठी तातडीनं एक फाइल खरेदी करावी. गुरुवारी शिपायाला वेळ झाला नाही. शुक्रवारी सकाळी तो धापा टाकत आला आणि त्यानं मिस्त्रींच्या हातात फाइल ठेवली. निळी. पुठ्ठ्याची. वर नाव लिहायला पांढरी चौकट. "चांगल्यातली आणलीय," तो म्हणाला.

त्या दिवशी हत्यारांची दुकानं बंद. शुक्रवारी त्या बाजाराला सुट्टी असते.

दुपारी मुलगी आणि मावशी आल्या. काम झालेलं नाही हे कळल्यावर मुलगी रडली नाही. एवढंच म्हणाली, "मग सरांना सांगते, बाटल्या घेते मी." मी इकडे पोत्यात तळमळत होते.

मग मावशीची पर्स उघडल्याचा आवाज आला. मावशी ब्यूटी पार्लरमध्ये काम करते. "मिस्त्री, फाइलच पाहिजे ना? ही चालेल का?" ती नखं घासायची पट्टी होती. मिस्त्रींनी ती काठावर दोनदा घासली. मग म्हणाले, "अशा किती आहेत?" मावशी रिक्षा करून पार्लरमध्ये गेली आणि होत्या नव्हत्या तेवढ्या घेऊन आली. त्या मऊ धातूवर दोघं मिळून अंधार पडेपर्यंत घासत बसली. अकरा पट्ट्या झिजून गेल्या. नाजूक बिचाऱ्या, नखांपलीकडे काही न बघितलेल्या. त्यांच्याबद्दल मी वाकडं बोलणार नाही.

मिस्त्रींनी काठ गालावर फिरवला. टोचला नाही. पण गुडघ्याखाली पट्टी आतल्या बाजूला वळते तिथे खिळ्याच्या मागे एक बेचका आहे. तिथे सपाट पट्टी जात नाही, गालही पोचत नाही. तिथे फक्त माझी फुगीर बाजू जाते.

"जागा बोचली तर लगेच बसायचं," मिस्त्री म्हणाले. "कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. धादांत खोटं बोलली.

सोमवारी सकाळी भंगारवाला आला. त्यानं पोतं उचललं आणि खाली ठेवलं. "यात कागद कुठंय?" म्हणाला. सील तोडलं, हात घातला, मला बाहेर काढलं, उजेडात धरलं, दातांवरून नख ओढलं. "अहो भाऊसाहेब, ही कानस आहे. चालू आहे. भंगार काय म्हणून देताय?" मित्रांनो, पोत्यात गेल्यापासून मला हातात घेऊन माझ्याकडे बघणारा आणि माझं नाव घेणारा तो पहिला माणूस. तो तसाच मला घेऊन वर्कशॉपमध्ये गेला.

मुलगी तिथेच बाकावर बसली होती. मावशी तिचा पट्टा सोडत होती. गुडघ्याखाली आतल्या बाजूला अंगठ्याच्या नखाएवढी कातडी गेली होती आणि मोजा तिथे चिकटून बसला होता. तो काढताना तिनं ओठ दाबले.

"बसली का नाहीस गं?" मिस्त्री ओरडले.

"अर्धी फेरी झाली होती," ती म्हणाली. "मधेच बसले असते तर रांग तुटली असती."

मिस्त्रींनी मला खडू लावला. कॅलिपर वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलं. माझी फुगीर बाजू त्या बेचक्यात घातली. सहा हात मारले. मित्रांनो, फक्त सहा. पुढे दाब, मागे उचल. झालं काम. शुक्रवारी एवढंच राहिलं होतं.

आता आम्ही चौदा जणी पुन्हा आपापल्या खाचांत आहोत. बाईसाहेबांनी प्रत्येक खाचेखाली खडूनं कानस असं लिहून ठेवलंय, चौदा वेळा. चौकशी कुणाचीच झाली नाही, कारण प्रत्येकानं सांगितलेलं तेच केलं होतं. आम्हाला परत मागायला मिस्त्रींनी जो अर्ज दिला होता, त्यावर शेरा आला: वस्तू मिळाल्या, सबब फाइल बंद. माझा राग मात्र बंद करता आलेला नाही, आणि तुम्हाला माझं सांगणं एवढंच आहे, की तोंडानं कुठलाही शब्द वापरा, पण हातात काय आलंय ते एकदा डोळ्यांनी बघा. एकदा बघितलं असतं तर पुरलं असतं.

शाळेनं त्या संचलनाचा फोटो पाठवला. मॅडमनी तो मोठा करून इस्पितळाच्या व्हरांड्यात लावलाय, आणि त्याची एक प्रत मिस्त्रींनी आमच्या फळीवर टाचली आहे. रांगेत सहावी ती आहे. मान ताठ, हात खांद्यापर्यंत उचललेला, तोंडात दात दिसताहेत. येणारे जाणारे थांबतात आणि म्हणतात, बघा, पोरगी किती छान हसतेय.

ती हसत नाहीये. दात आवळलेले कसे दिसतात, ते मला विचारा.