केरबांनी जपलेली दारं

मित्रांनो, मी एक जुनं, बुटकं कपाट आहे. कोल्हापुरातल्या एका बालवाडीत भिंतीला टेकून उभं आहे. माझ्याकडून आशेच्या गोष्टी ऐकायला मिळतील असं मात्र समजू नका.

१९६६ साली गडमुडशिंगीच्या केरबा सुतारांनी मला घडवलं. बालवाडीच्या प्रमोदिनीबाईंनी चार वर्षांचं एक पोर फळीपाशी उभं केलं आणि त्याचा हात पोचेल तिथंच माझा वरचा कप्पा ठरवला. "दार नको," असंही त्यांनी बजावलं. केरबांनी तरी दारं केलीच. बाईंनी ती हसून परत केली.

"बिनदाराचं कपाट कुटं असतंय व्हय, बाई? ऱ्हाऊ द्या, जपून ठेवतो. लागतील कवातरी," केरबा म्हणाले.

माझ्यात मणी, ठोकळे, चिंचोके आणि एक छोटी तागडी असे. मुलं हवं ते घ्यायची, जीव रमेल तोवर बसायची आणि वस्तू जागेवर ठेवायची. बाई नुसत्या बघायच्या. त्या आठ वर्षांतला माझा तोरा काय सांगू!

१९७४ च्या जूनमध्ये शालू आली आणि तागडीलाच चिकटली. एका पारड्यात पंचगंगेतला गोटा, दुसऱ्यात चिंचोके. कधी गोटा खाली, कधी चिंचोके. किती टाकायचे ते बाईंनी एकदाही सांगितलं नाही. सोळाव्या दिवशी पारडी समोरासमोर आली.

"बाई, सारकं झालं की!" शालू ओरडली. दुसऱ्या दिवशी ती आपणहून मोठा गोटा घेऊन आली.

गणपतीनंतर तिचे वडील आकाराम बालवाडी चालवणाऱ्या संस्थेच्या दत्तोपंतांकडे गेले. "शेजारचं पोरगं शंभरपतोर लिवतंय आन् आमची चिंचोकं खेळतीया. पयलीत कोण घेनार हिला?" माणूस वाईट नव्हता, पोरीच्या काळजीनंच बोलला. दत्तोपंतांनी बाईंना दुसऱ्या शाळेत धाडलं आणि केरबांना बोलावलं. जपलेली दारं आली. मेली तंतोतंत बसली! वर कुलूप लागलं.

शालू रोज येऊन फटीला डोळा लावायची. मला आतून काही करता येत नव्हतं. नव्या बाई "पाटी घे" म्हणून ओरडायच्या. दिवाळीनंतर ती माझ्याकडे यायचीच थांबली. शंभरपर्यंत मात्र लिहू लागली.

मार्चमध्ये प्रमोदिनीबाई भेटायला आल्या. त्यांच्या मानासाठी कुलूप काढलं गेलं. मुलं हाताची घडी घालून बसून राहिली, एकही उठलं नाही. "शालू, घे बाळ तुला हवं ते," बाई म्हणाल्या. नाव घेतलं म्हणून शालू आली. तिनं तागडी काढली, गोटा ठेवला आणि चिंचोक्यांकडे बघत उभी राहिली.

"किती टाकू, बाई?"

बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

त्याला आता नऊ वर्षं झाली. मित्रांनो, तुमच्या घरी एखादं पोर चिंचोके घेऊन बसलं, तर बसू द्या. किती टाकायचे ते सांगू नका. मला रंग नको, पॉलिश नको. वाळवी लागली तरी चालेल. ती आधी दारांना लागावी, एवढंच वाटतं.