टेनिसच्या गेमचे दोन रकाने

आजोबांनी चाळीस वर्षं मुलांना टेनिस शिकवलं, आणि त्या सगळ्या वर्षांत त्यांचा एक नियम कधी मोडला नाही. ज्याच्याशी खेळायचं त्याच्या नावाने वहीत एक पान करायचं. मधोमध रेघ ओढायची. डावीकडे त्याला काय चांगलं येतं ते लिहायचं, उजवीकडे काय येत नाही ते.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर ते लेकीकडे राहायला आले, तेव्हा अकरा वर्षांच्या नातीने पहिल्याच दिवशी जाहीर केलं की तिला टेनिस येतं. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती बसल्या जागी बसत नसे. टेनिस कुठे शिकलीस, असं विचारल्यावर तिने टीव्हीकडे बोट दाखवलं. वर्षभर ती त्यावर टेनिसचा एक व्हिडिओ गेम खेळत होती. तेवढ्या भांडवलावर तिने शाळेच्या संघासाठी नावही देऊन टाकलं होतं. संघात एकच जागा रिकामी होती आणि ती मागणाऱ्या दोघी होत्या: भिंगरी आणि दातांच्या डॉक्टरांची मुलगी. तीन आठवड्यांनी दोघींचा सामना व्हायचा होता. जी जिंकेल ती संघात.

आजोबांच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. ते गिळून त्यांनी वही मागवली.

“आधी तुझ्या गेमचं पान करू,” ते म्हणाले. “मी बघतो, तू खेळ.”

दोन दिवस ते पाय स्टुलावर ठेवून बघत बसले. उजवा रकाना भराभर भरला. गेममध्ये वारा नाही. डोळ्यांवर ऊन येत नाही. सर्व्हिस करताना चेंडू दर वेळी सरळच वर जातो. खेळाडू अर्धा आपला आपणच पळतो. चेंडू कुठे पडणार तिथे आधीच गोल उमटतो, म्हणजे नजरेला कामच नाही. साठ सामने झाले तरी पोरीला घाम म्हणून नाही.

डावा रकाना भरायला त्यांना जड गेलं, पण खोटं लिहायची सवय नव्हती. गुण कसे मोजायचे ते भिंगरीला तोंडपाठ होतं. बटण आधीपासून दाबून धरलं की फटका जोरात बसतो, त्यामुळे रॅकेट वेळेवर मागे न्यायची हे तिच्या अंगात आपोआप मुरलं होतं. ही एक गोष्ट शिकवताना आजोबांनी कित्येक मुलांपुढे हात टेकले होते. फटका मारला की ती मध्यावर परत यायची. आणि हरली तरी तोंड न पाडता पुढचा सामना लावायची.

“हे शेवटचं मला चाळीस वर्षांत कुणाला शिकवता आलं नाही,” ते लेकीला म्हणाले.

“कसं येणार,” लेक भाजी चिरता चिरता म्हणाली. “हरल्यावर हा गेम तुमच्यासारखा घरी येईपर्यंत चुका सांगत नाही.”

आजोबा हसले आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवसापासून ते तिला बागेतल्या मातीच्या कोर्टवर नेऊ लागले. गुडघ्यामुळे उभं राहता येत नव्हतं, म्हणून जाळीच्या खांबाशी घडीची खुर्ची टाकून तिथूनच ते शिकवायचे. पाय हलव. चेंडूवर डोळे. आत. बाहेर. बाहेर. आत. समोरून चेंडू मारायला बागेच्या माळ्याची कॉलेजात जाणारी मुलगी यायची. पहिल्या आठवड्यात भिंगरीने चेंडूपेक्षा जमिनीकडेच जास्त बघितलं, गोल कुठे उमटतो ते शोधत. दुसऱ्या आठवड्यात ती खोड गेली. तिसऱ्या आठवड्यात तिची सर्व्हिस दहापैकी सहा वेळा बरोबर पडू लागली, आणि आजोबांना वाटलं की उजव्या रकान्यातली एकूण एक ओळ आता खोडली.

सामन्याच्या दिवशी शाळेच्या मैदानात मातीच्या दोन कोर्टांवर दोन सामने एकदम चालू होते. खेळाच्या बाई एकट्याच. त्यांनी सुरुवातीला सांगून टाकलं की पंच कुणी नाही. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर ते ज्याचं त्याने ओरडून सांगायचं. सर्व्हिस करणारीने गुण मोठ्याने म्हणायचे. सहा गेम आधी जिंकेल ती जिंकली. चाळीस-चाळीस झाले की पुढच्या एका गुणावर गेमचा निकाल.

डॉक्टरांच्या मुलीचे फटके जोरदार होते, पण लांब जात होते. आजोबांना वाटलं, चला, बरं झालं. मग त्यांच्या लक्षात आलं की भिंगरी लांब गेलेले चेंडूही परत मारते आहे. एक चेंडू तर वीतभर बाहेर पडला. तिने तोंडात गुळणी धरल्यासारखा तो गुपचूप मारला, जाळीत घातला आणि गुण गमावला. दर वेळी असा चेंडू पडला की तिची मान क्षणभर पायऱ्यांकडे वळायची, जिथे आजोबा आणि लेक बसले होते. बघता बघता गेम एक-चार झाले.

“अशी काय करते ही?” आजोबा पुटपुटले. “बाहेरचा चेंडू दिसत नाही का हिला?”

“दिसतो,” लेक म्हणाली. “तुम्ही सांगायची वाट बघतेय. मी पण अशीच खेळायचे, बाबा. चेंडू एका डोळ्यात आणि तुम्ही दुसऱ्या डोळ्यात.”

ती रागाने बोलली नव्हती, दूध उतू जातंय हे सांगावं तसं बोलली. आजोबांनी कोर्टवरची नजर काढून तिच्याकडे बघितलं. चौदाव्या वर्षी लेकीने रॅकेट माळ्यावर टाकली, तेव्हा तिला कंटाळा आला असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. त्यांना स्वतःलाही ते खरं वाटत होतं.

गेममध्ये आत-बाहेर टीव्ही सांगतो. कोर्टवर तीन आठवडे ते सांगत होते. पोरीला तोंड उघडायची पाळी आली होती कधी? उजव्या रकान्यातली सगळ्यात मोठी उणीव त्यांनी लिहिलीच नव्हती, कारण ती त्यांचीही होती.

इथून ओरडून सांगणं नियमात बसत नव्हतं. त्यांनी काठी घेतली, एकेक पायरी उतरले आणि मैदानाच्या भिंतीपलीकडे रस्त्यावर जाऊन उभे राहिले. भिंगरीने त्यांना जाताना पाहिलं.

आता त्यांना फक्त ऐकू येत होतं. टप्प, टप्प, टप्प. मग काही क्षण शांतता, आणि मग बारीकसा आवाज: “बाहेर.” थोड्या वेळाने पुन्हा, जरा मोठ्याने. मग एकदा डॉक्टरांची मुलगी तणतणली, “आत होता! ही खूण बघ.” पावलं वाजली. भिंगरी म्हणाली, “हो गं, रेघेवर आहे. गुण तुझा.” आजोबांनी भिंतीला पाठ टेकली आणि श्वास सोडला.

त्यानंतर एक नवा आवाज येऊ लागला. गुण संपला की खर्र, खर्र, जमिनीवर काहीतरी घासल्यासारखा. तो काय असावा ते त्यांना कळेना. तिकडे गेमचे आकडे मोठ्याने म्हटले जात होते. दोन-चार. तीन-चार. तीन-पाच. चार-पाच. गुडघा ठणकायला लागला होता. पाच-पाच. मग शेवटच्या गेममध्ये चाळीस-चाळीस.

टप्प, टप्प, बराच वेळ टप्प. मग:

“बाहेर!”

“नक्की?” डॉक्टरांची मुलगी.

“ही बघ खूण. रेघेच्या दोन बोटं मागे.”

“ती मघाचची असेल.”

“मघाचची कशी असेल? मी दर गुणानंतर रेघेजवळच्या सगळ्या खुणा बुटाने पुसतेय. ही एकच राहिलीय.”

बाईंची शिट्टी जवळ येत गेली. पावलं रेघेपाशी थांबली. मग बाई म्हणाल्या, “बाहेर आहे. मिळवा हात.”

आजोबा तसेच उभे राहिले. खुणा पुसायचं त्यांनी तिला शिकवलं नव्हतं. गेमनेही नव्हतं. गेममधल्या खुणा आपोआप जातात.

संध्याकाळी भिंगरी वही घेऊन त्यांच्याशेजारी येऊन बसली. गेमच्या पानावर उजव्या रकान्यात तिने शेवटची ओळ लिहिली: आत की बाहेर ते तोच ठरवतो. मग तिने पान उलटलं, कोऱ्या पानावर वर ‘आजोबा’ असं लिहिलं आणि मधोमध रेघ ओढली.

“माझंही पान?” आजोबा म्हणाले.

“तुमच्याशी मला रोज खेळायचंय ना.”

उजव्या रकान्यात तिने मघाचीच ओळ पुन्हा उतरवली, फक्त ‘तोच ठरवतो’च्या जागी ‘तेच ठरवतात’ केलं. डाव्या रकान्यासाठी पेन्सिल चावत बराच विचार केला. मग लिहिलं: सांगितलं नाही तरी उठून बाहेर जातात.

आजोबांनी ते दोनदा वाचलं आणि वही स्वयंपाकघरात लेकीकडे दिली. तिने ओले हात पुसले, पान बघितलं, पेन्सिल मागितली आणि त्या ओळीपुढे कंसात बारीक अक्षरात लिहिलं: आजपासून.