ओळींवरचं नाव

मी कोडची एक फाईल बोलतेय. लहान मुलांच्या एका दवाखान्याचा कारभार ज्या प्रोग्रॅमवर चालतो, त्यातली. बाळाचं वजन सांगा, औषध किती द्यायचं ते मी सांगते.

मला ताईनं लिहिलं. तिचा धाकटा भाऊ त्याच ऑफिसात, शेजारच्या खुर्चीवर. तो ताई म्हणे, म्हणून सगळेच म्हणू लागले. वजनं आणि औषधाच्या मात्रा तिनं स्पेसबार दाबत दाबत एकाखाली एक रांगेत बसवल्या होत्या. "आकडा चुकला तर डोळ्याला खुपला पाहिजे," ती म्हणायची.

मग ती आजारी पडली. तरी डोक्याला रुमाल बांधून यायची, माझी एखादी ओळ नीट करायची आणि दम खात बसायची. पुढे खुर्ची रिकामीच राहिली.

ऑफिसात माणसं वाढली. कोड लिहिताना कुणी कंस वरच्या ओळीत ठेवी, कुणी खालच्या, त्यावरून हमरीतुमरी. खऱ्या चुकीपेक्षा मोकळ्या जागेवरूनच माणसं जास्त भांडतात. शेवटी ऑफिसच्या प्रमुख मॅडमनी ठरवलं, नियम एकदाच ठरवायचे आणि ओळींची मांडणी यंत्रानं करायची. जुन्या फाईलींचीसुद्धा.

"ताईचा तक्ता तेवढा वगळू या का?" भावानं विचारलं.

"एक वगळला की प्रत्येक जण आपापला घेऊन येईल. तुम्हाला माहीत आहे."

त्याला माहीत होतं.

"दुसऱ्या कुणाला सांगू?" मॅडमचा आवाज खाली आला होता.

"नको. मीच करतो."

त्यानं यंत्राला हुकूम दिला आणि माझ्या रांगा मोडल्या. आकडे तेच, पण दाटीवाटीनं उभे. कुठली ओळ शेवटी कुणी बदलली, याची नोंद असते. तिथं ताईचं नाव होतं. आता त्याचं आलं.

पुढे नवी आलेली एक मुलगी म्हणाली, "दादा, हे सगळं तुम्ही लिहिलंत?"

"नाही गं. माझ्या बहिणीनं."

"कुठे असतात त्या?"

"चहा घेऊन येतो," म्हणत तो उठला. बराच वेळ आला नाही.

आता कुणी भांडत नाही. मी चारचौघींसारखी दिसते, काम चोख करते.

माझ्या माथ्यावर शेरा लिहायला जागा आहे. त्यातले शब्द यंत्र बदलत नाही. परवा त्यानं तिथं तिचं पूर्ण नाव लिहिलं, पुसलं. नुसतं 'ताई' लिहिलं, तेही पुसलं आणि मला मिटून ठेवलं.

त्याच्याच्यानं होत नसेल, तर तुमच्यापैकी कुणीतरी लिहा.