जुळ्या नाण्याची जकात

टेपची आत्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि उरलेल्या वेळात चुकलेली नाणी जमवायची. टेप म्हणजे तिची भाची. एकदा बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून घरात हेच नाव पडलेलं. आणि चुकलेली नाणी म्हणजे टांकसाळीतच बिघडलेली: छाप एका बाजूला सरकलेला, कड अर्धवट कापलेली, असली. मशीन दिवसभर एकसारखी नाणी पाडतं, त्यात एखादंच वेगळं पडतं आणि तपासणाऱ्यांच्या हातूनही निसटतं, म्हणजे केवढं नशीबवान, असं आत्याचं म्हणणं. टेपचे बाबा हमखास चिडवायचे, की चांगल्या पैशांनी बिघडलेला माल घेणारी जगात आमची ताई एकटीच. त्यावर आत्या शांतपणे सांगायची, की बिघडलेल्यांचा मला लहानपणापासून सराव आहे, धाकटा भाऊ सांभाळलाय मी.

तिच्या सगळ्या नाण्यांत टेपचं लाडकं होतं ते खड्ड्याचं. टांकसाळीत एक नाणं छाप पडल्यावर वरच्या ठशालाच चिकटून बसलं. मग त्याच्याखाली पुढचं नाणं आलं आणि त्याच्यावर ठशाऐवजी या चिकट्याचाच चेहरा उमटला, उलटा आणि आत गेलेला, ओल्या मातीत बोट दाबावं तसा. उलटं हरीण, आणि शिंगावर एक आडवा ओरखडा. हे खड्ड्याचं नाणं आत्याकडे होतं. खड्डा पाडणारा तो चिकट्या मात्र कुठे होता कोण जाणे. आत्या कित्येक वर्षं परदेशी विक्रेत्यांकडच्या नाण्यांची चित्रं भिंगाखाली धरून त्या ओरखड्याला शोधत होती. दुसरं कुणी असतं तर कंटाळून टपाल तिकिटांकडे वळलं असतं.

आणि तो सापडला! समुद्रापलीकडच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे, शिंगावरच्या ओरखड्यासकट. आत्यानं पैसे भरले, वर कस्टमचा कर लागेल म्हणून तेवढे वेगळे काढून ठेवले आणि वाट बघत बसली. नाणं आलं, पण घरी नाही. कस्टमनं ते अडवलं आणि आत्याला बोलावणं धाडलं.

टेप बरोबर निघाली. नुकतीच ती शाळेच्या वादविवादात पहिली आली होती, त्यामुळे यापुढे कुठल्याही ऑफिसात आपणच बोलायचं हे तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. फाटकाशी आत्यानं खड्ड्याचं नाणं डबीतून काढून पहारेकऱ्याला दाखवलं आणि त्याची नोंद करून चिठ्ठी मागितली. आपलंच नाणं आपण का दाखवायचं, यावर टेपनं रस्ताभर भाषण दिलं होतं. आत्यानं ते नेहमीसारखं ऐकून घेतलं होतं, म्हणजे एका कानानं.

आत एक लांबलचक खोली होती. फळ्यांवर पार्सलांच्या चळती, चिकटपट्टीचा वास, आणि टेबलामागे सर्दीनं बेजार झालेले साहेब. त्यांच्यापुढे एक छोटंसं पाकीट उघडून ठेवलेलं. त्यांची अडचण साधी होती. दुकानदारानं पाकिटावर ‘दोष असलेलं नाणं’ असं लिहिलं होतं. त्या धंद्यात हा शब्द अभिमानानं लिहितात, पण हे साहेबांना कोण सांगणार? आणि आतल्या बिलावरचा आकडा असा, की तेवढ्यात बरी स्कूटर आली असती.

“काकू, एक तर माल खराब आहे, नाहीतर बिल खोटं,” साहेब रुमालात शिंकून म्हणाले. “खराब नाण्याला एवढे पैसे कोण मोजतं?”

टेपनं तोंड उघडलं. आत्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी वाटही सुचवली. माल खराब निघाला असं लिहून द्यायचं, नाण्यावर छापलेल्या किमतीवर नावापुरता कर भरायचा आणि आजच घेऊन जायचं. नाहीतर प्रकरण चौकशीला जाणार. आणि किंमत पटली नाही तर पाकीट उलट टपाली परत.

टेपचा जीव भांड्यात पडला. एक ओळ लिहायची की नाणं घरी! तिनं पेनसुद्धा पुढे केलं. आत्यानं ते घेतलं, टोपण लावलं आणि तिच्याच दप्तरात ठेवलं.

“मी ते खराब म्हणून घरात नेणार नाही, साहेब,” ती म्हणाली. “इतकी वर्षं मी खराब नाणं शोधत नव्हते.”

मग तिनं डबी उघडली. खड्ड्याचं नाणं टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, की आता पाकिटातलं तुम्हीच उचला, मी हात लावत नाही. हरणाची बाजू खाली करा आणि ठेवा यावर. साहेबांनी ठेवलं. थोडं फिरवलं. आणि एका जागी ते वरचं नाणं खालच्यात असं बसलं, की साहेबांचं बोट तिथंच थांबलं. डावीकडे ढकललं, हलेना. उजवीकडे, हलेना. हरीण हरणात, शिंग शिंगात, ओरखडा ओरखड्यात. दोन्ही एकाच मशीनमधून एकापाठोपाठ पडलेली, आणि तेव्हापासून आज पहिल्यांदा भेटत होती.

साहेब शिंकायचं विसरले. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हाक मारली, त्यांनी पलीकडच्यांना, आणि जो तो येऊन नाणं हळूच ढकलून बघू लागला. आत्या मात्र खुर्चीत अशी बसली होती, की जणू लग्नात मुलीकडची मोठी बाई. टेपला वाटलं, आपण व्यासपीठावर इतके हातवारे केले तेव्हा कुठे बक्षीस मिळालं. ही तर नुसती बसलीय.

“बिल खरं आहे,” साहेब म्हणाले. मग जरा ओशाळून, “पण आता कर पूर्ण किमतीवर लागेल, काकू.”

“लागू दे की.”

आकडा आला तेव्हा मात्र आत्याचा चेहरा उतरला. टपालखर्च आणि विम्याची रक्कमसुद्धा किमतीत धरून त्यावर कर लागतो, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. वेगळे काढलेले पैसे थोडेसेच कमी पडत होते, आणि कर भरेपर्यंत नाणं इथंच राहणार होतं. साहेबांकडे परत द्यायला ती वरचं नाणं उचलू लागली, आणि ते खालच्यातून सुटता सुटेना.

ते टेपला बघवेना. दप्तराच्या आतल्या कप्प्यात वादविवादाच्या बक्षिसाचं पाकीट होतं. त्यातून हेडफोन घ्यायचे, रंगसुद्धा ठरला होता. तिनं पाकीट टेबलावर ठेवलं. आत्यानं मान हलवली, नको. टेपनंही मान हलवली, घे. सबंध दिवसात ती एवढी गप्प पहिल्यांदाच होती.

“परत देईन,” आत्या म्हणाली.

“परत नको. वाटा हवा.”

पावती झाली. साहेबांनी स्वतः लिहिलं: जमवण्याचं नाणं, टांकसाळीतलं, अस्सल. फाटकाशी आता दुसरा पहारेकरी होता, त्यानं हटकलं, की पार्सल एकाचं आणि डबीत दोन कशी? आत्यानं सकाळची चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली आणि भाचीकडे बघितलंसुद्धा नाही. न बघताच तिला काय म्हणायचं होतं ते टेपला पोचलं.

घरी बाबांनी दोन्ही नाणी जोडून बघितली, सोडवली, पुन्हा जोडली. चिडवायला काही सुचेना, म्हणून पाणी प्यायले. टेपनं आत्याला विचारलं, की मग यातला माझा वाटा कुठला? चिकट्या की खड्डा?

आत्यानं भिंग डोळ्याला लावलं, बराच विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाली, “ओरखडा. दोन्हीकडचा.”