प्रेक्षकांतून आलेला ‘कट’

व्हेरिटी ऑर्मरॉडला एका जागी बसवतच नसे. सॅलफर्डच्या आमच्या स्टुडिओत ती चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायची. साठी उलटलेल्यांची नाचाची स्पर्धा टीव्हीवर आणायची कल्पना तिची, त्यासाठी काढलेली कंपनीही तिचीच. मी पहिल्या भागापासून तिची कॅमेरावाली.

कार्यक्रम तुफान चालला आणि तिने कंपनी लंडनच्या बड्या लोकांना विकून टाकली. “जॅनिस, तेच तेच करून विटले गं,” म्हणाली. करारात अट होती: वर्षभर दुसरा कार्यक्रम काढायचा नाही. थोड्याच दिवसांत तिचे फोन सुरू झाले. “आज कोण नाचलं? दिवे कसे लावले? इथे बागेत ट्युलिप लावून वेड लागेल मला!”

शेवटी एका दुपारी ती पास काढून चक्क प्रेक्षकांत येऊन बसली. तिचा पाय सारखा हलताना मला दिसत होता.

त्या दिवशी बोल्टनचे सिरिल एन्टविसल नाचत होते. निवृत्त बस ड्रायव्हर, बायको नुकतीच गेलेली. मध्येच पावलं चुकली, ते थांबले आणि रडू आवरेनात. वरच्या कंट्रोल रूममधून नवा साहेब पिअर्स माझ्या हेडफोनमध्ये ओरडला, “जवळ जा! डोळे दाखव, डोळे!”

मी गेले. नोकरी होती.

“कट!”

आवाज व्हेरिटीचा. तो ऐकला की थांबायची आम्हाला इतक्या वर्षांची सवय. संगीत थांबलं, आमचे कॅमेरे थांबले. पिअर्स धावत खाली आला. “कुणाच्या सांगण्यावरून थांबलात?”

व्हेरिटी सरळ सिरिलपाशी गेली. “पाणी घ्या आधी. पुरे करायचं, की पुन्हा पहिल्यापासून?”

“पुन्हा,” सिरिल नाक पुसत म्हणाले. “अर्धवट सोडलं तर माझी डोरीन वरून शिव्या घालेल.”

पण तो नाच व्हेरिटीला पाहायला मिळाला नाही. रखवालदारांनी तिला तोवर बाहेर काढलं होतं.

वर्ष सरताच तिने स्टॉकपोर्टला गालिच्यांच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या. मी राजीनामा देऊन तिच्याकडे गेले. आमची पहिली मालिका कुणी पाहिली नाही, वाहिनीने ती मध्येच बंद केली. मी टेबलावर डोकं ठेवून रडत होते. व्हेरिटी कोट चढवून दारात उभी.

“झालं रडून? मग चल. प्रेस्टनला एका बाईला भेटायचंय, बस ओढते म्हणे दातांनी.”