हवालदारांनी मान वळवली

शपथेवर सांगितलं तरी तुम्हाला पटायचं नाही, पण हवालदारीणबाई एकदा रांगेत शेवटी उभ्या राहून पहिल्या आल्या. तेही कुणाला कोपर न मारता.

हवालदार गेले आणि बाईंचं निवृत्तिवेतन अडलं. पलटणीच्या दप्तरी हवालदार ‘अविवाहित’. भरतीच्या वेळी ते होतेही तसे. पुढे लग्न केलं, ते कळवायचं राहून गेलं. ‘वारस’ अशी पाटी असलेल्या खिडकीतला कारकून म्हणाला, “तुम्ही त्यांच्या पत्नीच कशावरून? आज दुपारपर्यंत पुरावा आणा. नाहीतर विषय संपला. आणि हवालदारांचा फोटो आणा, चेहरा दिसेल असा.”

बाई फोटो घेऊन धापा टाकत परतल्या, तर रांग दारापर्यंत. पुराव्याचा पत्ता नाही, खिडकी मिटायला आलेली. बाईंचं डोकं फिरलं. हवालदार स्वयंपाकघरात लुडबुडायला आले की त्या एकच हुकूम सोडत; तोच सवयीनं तोंडून निघाला.

“पीछे मुड!”

खाडकन टाचा वाजल्या. रांगेतले सगळे म्हातारे जवान गर्रकन फिरले, काठीवाले, कुबडीवाले, एक तर घोरता घोरता. कारकून नियमाचा पक्का. रांगेची तोंडं जिकडे, पहिला नंबर तिकडे. बिचारा शिक्के उचलून दाराशी येऊन बसला, थेट बाईंसमोर.

“फोटो?”

बाईंनी दिला. पण हुकूम हवालदारांनीही ऐकला होता. फोटोत नुसती पाठ आणि टक्कल.

“चेहरा कुठाय?”

आता आली का पंचाईत? पुन्हा हुकूम सोडावा, तर रांगही फिरणार आणि कारकून परत खिडकीत. बाईंनी फोटो तोंडाशी नेला आणि हळूच म्हणाल्या, “अहो, लोक बघतायत. वळा की जरा.”

हवालदारांनी खांद्यावरून मान वळवली. ओशाळं हसलेसुद्धा.

कारकुनानं चष्मा पुसला. “हुकमाशिवाय वळले,” तो म्हणाला. “म्हणजे तुम्ही पत्नीच.” आणि त्यानं ‘अविवाहित’मधला ‘अ’ खोडून वर शिक्का मारला.

माझी गोष्ट इथवर आली, इतक्यात कोपऱ्यात भाजी निवडणारी आमची सून मला म्हणाली, “मामंजी, खिडकी वारसांची ना? मग रांगेत सगळ्या बाईंसारख्याच असणार. टाचा वाजवायला नवरे जिवंत असते, तर त्या तिथे कशाला आल्या असत्या?”