सगळ्यात खालची ओळ

चष्म्याच्या दुकानातल्या संगणकावर नवऱ्याने लावलेला लॉगिनचा स्क्रीन आज सुनेला काढायचा होता. दुकान उद्या नव्या मालकाच्या ताब्यात जाणार, गिऱ्हाइकांचे नंबर असलेला संगणकही त्याबरोबरच जाणार. नव्या मालकाने एवढंच म्हटलं होतं, "तो पहिला स्क्रीन तेवढा मूळचा करून द्या. आमची पोरं हसतात."

हसू यावं म्हणूनच तर तो केला होता. सासऱ्यांचा जन्म जगाच्या नाकावर चष्मे चढवण्यात गेला, पण स्वतः चष्मा लावायचं नाव नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. एखाद्याच्या नंबरात तीनचा आठ व्हायचा, तरी म्हातारा "मला लख्ख दिसतं" म्हणून हटून बसायचा. शेवटी लेकाने नामी युक्ती काढली. लॉगिनच्या स्क्रीनवर त्याने डोळे तपासायचा तक्ता लावला. वर भलंमोठं अक्षर, खाली बारीक होत गेलेल्या ओळी, आणि सगळ्यात खालच्या ओळीत पासवर्ड. चष्मा लावल्याशिवाय संगणक उघडायचाच नाही! पासवर्ड असा चारचौघांत टांगून ठेवणारं घर शोधून सापडलं नसतं, पण घरात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. रोज सकाळी सासरे कुरकुरत खिशातून चष्मा काढायचे आणि नवरा त्यांच्या मागे उभा राहून हसायचा.

नवरा गेला त्याला आठ महिने झाले. लोक म्हणाले, तिला रडू द्या, मोकळी होईल. ती रडली नाही. तिला दुःख होत होतं असंही नाही, तिला काहीच होत नव्हतं. ताट समोर आलं की ती जेवायची, कुणी बस म्हटलं की बसायची. सासरे रोज सकाळी त्या तक्त्यासमोर येऊन बसतात, तो तक्ता गेला तर त्यांचं काय होईल, एवढी एकच काळजी तिला उरली होती. तीसुद्धा शेजाऱ्याचं सामान सांभाळावं तशी.

म्हणून सासरे मागच्या खोलीत फ्रेमा खोक्यांत भरत होते, तेवढ्यात तिने काम उरकलं. आधी तक्त्याचं चित्र पुसलं. मग फक्त लॉगिन स्क्रीनचं सेटिंग उघडून 'मूळ स्थितीत आणा' दाबलं. नक्की का, असं संगणकाने विचारलं. तिने 'हो' केलं. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला. समोर कोरा निळा स्क्रीन, मधोमध पासवर्डची रिकामी चौकट.

तिची बोटं कळांवर तशीच राहिली. पासवर्ड तिला कुठे येत होता? तीही रोज तक्त्यावरूनच वाचायची. समोर लिहिलेलं कोण पाठ करतं! घ्या, आता बसा बोंबलत, ती मनाशी म्हणाली. त्याचंही तिला काही वाटलं नाही.

"बाबा, जरा येता का?"

सासरे हात पुसत आले. निळ्या स्क्रीनकडे त्यांनी नुसतं पाहिलं.

"काढलास?"

"हो. पण पासवर्ड कुणालाच माहीत नाही. चित्रही पुसलं मी."

सासरे खुर्चीत बसले. खिशातून चष्मा काढून त्यांनी नाकावर ठेवला आणि कोऱ्या स्क्रीनच्या खालच्या कडेकडे बघत एकेक अक्षर सांगायला लागले. "टी. एच. के. ओ. पी. झेड. पाच."

तिने टाकलं. संगणक उघडला.

"तुम्हाला पाठ होतं?"

"पहिल्याच आठवड्यात झालं होतं."

"मग रोज चष्मा कशाला लावायचात?"

"तो मागे उभा राहायचा ना," सासरे म्हणाले. "खिशातून चष्मा काढला की हसायचा. नंतरही लावत राहिलो. सवय."

त्यांनी चष्मा उतरवला, नीट मिटला आणि उद्या दुकानाबरोबर जाणाऱ्या चष्म्यांच्या ट्रेमध्ये ठेवून दिला. "आता कशाला हवाय," असं म्हणून ते उठले आणि चाचपडत दाराकडे निघाले. दारात पायरी होती.

तिला राग आला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिला काहीतरी आलं, आणि ते जोरात आलं. ट्रेमधून चष्मा उचलून ती त्यांच्या मागे धावली.

"लावा तो," ती ओरडली. "माझ्यासमोर लावा. मी उभी आहे इथे."